पिंग जातं, पण बीजीपी उठत नाही: व्हर्च्युअल राउटरची लॅब उभारताना

व्हर्च्युअल राउटरच्या लॅबमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर सॉफ्टवेअरमधले राउटर जोडून केलेल्या सरावाच्या जाळ्यात, सगळ्यात कमी वेळ कॉन्फिगरेशन लिहायला लागतो. ओएसपीएफ किंवा बीजीपी, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ते प्रोटोकॉल, त्यांच्या चार ओळी कुणीही टाकतं. वेळ खातात त्या दोन गोष्टी: नोड, म्हणजे लॅबमधला एकेक राउटर, धड उठणं, आणि उठल्यावर त्याचं पॅकेट शेजारच्या नोडपर्यंत जसंच्या तसं पोचणं. डिस्क चुकीच्या कंट्रोलरवर लावलेली असते, होस्टवर, म्हणजे लॅब चालवणाऱ्या मशीनवर, व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, लिंकखालचा ब्रिज (नोड जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) ठरावीक फ्रेम गुपचूप टाकून देतो, आणि माणूस तासभर रूट-मॅप (रस्ते निवडण्याचे नियम) तपासत बसतो. म्हणून इथे प्रोटोकॉलबद्दल फार थोडं आहे. त्यांच्या खालच्या थराबद्दल जास्त आहे.

बोलायला सोयीचं जावं म्हणून एक मध्यम आकाराची लॅब धरू. सिस्कोचे सहा व्हीआयओएस, ज्युनिपरचे दोन व्हीजुनोस-राउटर, अरिस्टाचे दोन व्हीईओएस आणि सिस्कोचा एक सीएसआर १०००व्ही. मेमरीचा हिशेब आधी करायचा. व्हीआयओएसला ५१२ एमबी पुरतात, म्हणजे सहांचे ३ जीबी. व्हीजुनोसला प्रत्येकी ५ जीबी, म्हणजे १०. व्हीईओएसच्या जुन्या आवृत्त्या २ जीबीत चालायच्या, आता ४ धरावेत, म्हणजे ८. सीएसआरला ४. बेरीज २५ जीबी, वर होस्टसाठी ४. ३२ जीबीच्या मशीनवर हे बसतं, पण त्याच मशीनवर ब्राउझरचे तीस टॅब उघडे ठेवायची चैन करता येत नाही. यात सिस्कोचाच एक एक्सआरव्ही ९००० घालायचं ठरवलं तर त्या एकट्यालाच १६ जीबी आणि ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) लागतात. मग ६४ जीबीखाली विचारच करू नये.

कोणती इमेज, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरची फाइल, कशासाठी घ्यायची, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. क्रिस्तोफ फिलो यांनी २००५ मध्ये डायनामिप्स लिहायला घेतलं, ते सिस्कोच्या जुन्या राउटरचा प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं आणि त्यावर ७२०० किंवा ३७२५ ची खरी आयओएस (सिस्कोची राउटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) इमेज चालवतं. इथे प्रत्येक सूचना दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी उलगडून चालवावी लागते. आयओएसला काही काम नसलं तरी ती एका रिकाम्या फेऱ्यात फिरत राहते, आणि डायनामिप्स तो फेराही इमानेइतबारे चालवतं. परिणामी एक निवांत राउटर होस्टचा एक अख्खा कोअर शंभर टक्के खातो. त्यावरचा उपाय म्हणजे आयडल-पीसी. त्या रिकाम्या फेऱ्याचा पत्ता डायनामिप्सला कळवला की तिथे पोचल्यावर ते थोडं झोपतं. हा पत्ता इमेजगणिक बदलतो. जीएनएस३ हे लॅब उभारायचं सॉफ्टवेअर तो शोधून देतं आणि संभाव्य पत्त्यांपैकी चांगल्यांपुढे तारका दाखवतं. राउटर पूर्ण उठून प्रॉम्प्टवर शांत बसल्यावरच शोध घ्यावा. बूट चालू असताना शोधलेला पत्ता हमखास निरुपयोगी निघतो. जुन्या हार्डवेअरवरच्या आयओएसचं वर्तन पाहायचं असेल किंवा मशीन फारच अशक्त असेल, तर डायनामिप्स आजही चालून जातं. स्विचिंगसाठी मात्र त्याच्या १६ पोर्टच्या मॉड्यूलवर भिस्त ठेवू नये, त्यात आजच्या स्विचची अनेक वैशिष्ट्यं नाहीत.

व्हीआयओएस, सीएसआर, व्हीजुनोस, व्हीईओएस ही मंडळी वेगळी. ती थेट एक्स८६ साठी बनवलेली व्हर्च्युअल मशीनं आहेत आणि क्यूएमू या मशीनचं अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरखाली, केव्हीएम या लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या आधाराने चालतात.

होस्ट

सगळं केव्हीएमवर अवलंबून असल्यामुळे सुरुवात तिथून. बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही, म्हणजे प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय, चालू आहे का, हे पाहून थांबायचं नाही. लिनक्समध्ये ‘प्रॉक’खालच्या ‘सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये इंटेलवर ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम’ हा झेंडा दिसला पाहिजे, आणि ‘डेव्ह’मध्ये ‘केव्हीएम’ नावाचं डिव्हाइस असलं पाहिजे. ते नसेल तर क्यूएमू तक्रार न करता सॉफ्टवेअर अनुकरणावर घसरू शकतं. व्हीआयओएस त्यातही रखडत रखडत उठतो, त्यामुळे ‘चाललं की’ असं वाटतं. सीएसआर मात्र बूटच्या मध्यावर लटकतो, आणि व्हीजुनोसचा प्रॉम्प्ट आला तरी त्याच्या ‘जीई’ पोर्टांचा पत्ताच नसतो.

व्हीजुनोसचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या व्हर्च्युअल मशीनच्या पोटात आणखी एक व्हर्च्युअल मशीन असतं. बाहेरचं पॅकेट पुढे ढकलायचं काम करतं, आतलं जुनोसचं (ज्युनिपरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं) कंट्रोल प्लेन, म्हणजे रस्ते ठरवणारा भाग. म्हणजे होस्टवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन लागतंच. इंटेलवर केव्हीएम मॉड्यूलच्या ‘नेस्टेड’ पॅरामीटरमध्ये ‘वाय’ किंवा १ दिसायला हवं. ईव्ह-एनजी हे लॅब उभारायचं दुसरं सॉफ्टवेअर जर व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या आत चालवत असाल तर थर तीन होतात: वर्कस्टेशन, ईव्ह, आणि व्हीजुनोसच्या आतलं मशीन. वर्कस्टेशनच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये व्हीटी-एक्स आत पाठवण्याची खूण केलेली असावी लागते. विंडोजवर हायपर-व्ही किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर ती खूण असूनही मशीन सुरू होताना नकार येतो, कारण व्हीटी-एक्स आधीच विंडोजच्या हायपरव्हायजरने धरून ठेवलेलं असतं. ‘बीसीडीएडिट’ने हायपरव्हायजरचं लाँच ऑफ करून मशीन रीस्टार्ट करायचं, मेमरी इंटिग्रिटी वेगळी बंद करायची. त्या विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आतलं लिनक्स) वापरत असाल तर तेही यात बंद पडतं, हे आधीच लक्षात घ्यावं. आमचं मत असं की तीन थरांचा खटाटोप शिकण्यापुरता ठीक. रोजच्या वापरासाठी थेट लोखंडावर लिनक्स टाकलेलं मशीन बरं.

इमेज, डिस्क आणि फोल्डरचं नाव

इमेज कुठून आणायची यात आडवाट घेऊ नये. व्हीआयओएसची अधिकृत वाट सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, म्हणजे सीएमएल. त्याच्या मोफत आवृत्तीत ५ नोड चालतात, वैयक्तिक सशुल्क आवृत्तीत २०. व्हीजुनोस ज्युनिपरच्या साइटवरून परवाना फाइलशिवाय मिळतं. अरिस्टाची व्हीईओएस-लॅब खातं उघडून घेता येते. मिक्रोटिकचं सीएचआर, व्हीवायओएसच्या रोलिंग आवृत्त्या आणि नोकियाचं एसआर लिनक्स उघडपणे उपलब्ध आहेत. इकडून तिकडून फिरत आलेल्या ‘सगळ्या इमेज एकत्र’ छापाच्या गाठोड्यांत कायद्याचा प्रश्न आहेच. त्याशिवाय आत कुणी काय बदललंय ते कळत नाही, आणि डिस्क आधी कुणीतरी बूट केलेली असते. त्याचा त्रास पुढे येतो. फाइल उतरवली की साइटवर दिलेला चेकसम (डेटा अखंड आहे का ते सांगणारा आकडा) जुळवायचा. दोन-तीन जीबीची फाइल शेवटच्या टप्प्यात तुटलेली असली तरी कन्व्हर्ट होते, आणि मग नोड भलत्याच ठिकाणी मरतो.

‘ओव्हीए’ म्हणजे साधी टार फाइल. ती उलगडली की आत ओव्हीएफ वर्णन आणि व्हीएमडीके डिस्क मिळते. ‘क्यूएमू-इमेज’ या साधनाच्या ‘कन्व्हर्ट’ने ती क्यूकाऊ-२ प्रकारात आणायची. ओव्हीएफ टाकून देण्याआधी वाचावी: डिस्क आयडीई आहे की एससीएसआय, नेटवर्क कार्ड कोणतं, मेमरी किती, हे निर्मात्याने स्वतः त्यात लिहिलेलं असतं. कन्व्हर्ट झाल्यावर ‘इन्फो’ने दोन आकडे पाहायचे. आभासी आकार ८ जीबी आणि प्रत्यक्ष जागा १ जीबीच्या आसपास असणं हे बरोबर आहे, कारण क्यूकाऊ-२ लिहिलेला भागच साठवतं.

ईव्ह-एनजीत इमेजचं फोल्डर ‘युनेटलॅब’च्या ‘ॲडऑन्स’मधल्या ‘क्यूएमू’खाली बनवायचं, आणि त्याच्या नावाची सुरुवात ठरलेल्या शब्दानेच व्हायला हवी: व्हीआयओएससाठी ‘व्हीआयओएस-’, अरिस्टासाठी ‘व्हीईओएस-’. डॅशच्या पुढे आवृत्ती किंवा वाटेल ते लिहा. सुरुवातीचा शब्द चुकला की नोड यादीत राखाडीच राहतो. आतल्या फाइलचं नावही हवं तसं ठेवता येत नाही, कारण त्या नावावरून डिस्क कोणत्या बसवर (जोडणीच्या प्रकारावर) लावायची ते ठरतं. ‘एचडीए’ म्हणजे आयडीई, ‘व्हर्टआयओए’ म्हणजे व्हर्टआयओ, ‘साटाए’ म्हणजे साटा. व्हीआयओएसला व्हर्टआयओ चालतं. व्हीईओएस ‘एचडीए’वर ठेवायचं आणि त्याच्या जुन्या पद्धतीत अबूटची (अरिस्टाच्या बूटलोडरची) आयएसओ सीडीरॉम म्हणून सोबत द्यायची. सिस्कोच्या नेक्सस ९०००व्ही स्विचला साटा लागतं. चुकीच्या बसवर दोन प्रकारची लक्षणं दिसतात. ‘बूट होणारी डिस्क सापडली नाही’ असं बायोस म्हणतं तेव्हा बूटलोडरलाच डिस्क दिसत नाहीये. बूटलोडर नीट चालून कर्नल रूट फाइलसिस्टिम न मिळाल्याने पॅनिक होतो, तेव्हा बायोसला डिस्क दिसतेय पण कर्नलकडे त्या बसचा ड्रायव्हर नाही. दोन्हींत इमेज खराब नसते, फाइलचं नाव बदललं की काम होतं. शेवटी फाइलींच्या परवानग्या नीट करणारं ‘फिक्सपरमिशन्स’ चालवायचं. ते राहिलं तर नोड सुरू होऊन लगेच बंद पडतो आणि कन्सोलवर काहीच उमटत नाही.

कन्सोलवर काही न दिसण्याचं आणखी एक कारण सीएसआरमध्ये सापडतं. त्याची एक इमेज व्हीजीए कन्सोलसाठी असते, दुसरी सिरियलसाठी. टेलनेटने सिरियल कन्सोल उघडून बसलो आणि इमेज व्हीजीएची असेल तर ग्रब या बूटलोडरनंतर पडदा कोरा. एकदा व्हीएनसीने आत जाऊन ‘प्लॅटफॉर्म कन्सोल सिरियल’ टाकायचं, सेव्ह करून रीलोड करायचं.

पहिलं बूट आणि मूळ डिस्क

लॅब प्लॅटफॉर्म मूळ डिस्कला हात लावत नाहीत. प्रत्येक नोडसाठी एक वरची पातळ डिस्क बनते, बदल तेवढे तिच्यात जातात. त्यामुळे सहा व्हीआयओएस एकाच मूळ फाइलवर उभे राहतात. यातून एक कडक नियम निघतो: त्या मूळ फाइलवर एकही लॅब उभी असेल तर तिच्यात बदल करायचा नाही. वरच्या डिस्कमध्ये फक्त ‘अमुक ब्लॉक बदलला’ अशी नोंद असते. खालचे ब्लॉक सरकले की वरच्या सगळ्या डिस्क एका दमात निकामी. नवी आवृत्ती हवी तर नवं फोल्डर करायचं.

तरीही काही बदल मूळ डिस्कमध्येच करून ठेवणं सोयीचं असतं, नाहीतर दर नव्या नोडला तेच ते. अरिस्टाचं ईओएस पहिल्यांदा उठलं की झीरो टच प्रोव्हिजनिंगमध्ये (आपोआप कॉन्फिगरेशन मिळवण्याच्या अवस्थेत) जाऊन डीएचसीपी शोधत बसतं. ‘झीरोटच डिसेबल’ दिल्यावर ते रीलोड होतं आणि मग शांत होतं. व्हीजुनोसमध्ये रूटला पासवर्ड नसतो, पण पासवर्ड ठरवल्याशिवाय पहिलं कमिट (कॉन्फिगरेशन लागू करणं) होत नाही. शिवाय चॅसीखालचं ‘ऑटो-इमेज-अपग्रेड’ डिलीट केलं नाही तर कन्सोलवर संदेशांचा पाऊस चालू राहतो. नेक्सस ९०००व्हीचा सापळा जास्त वाईट आहे. पहिल्यांदा तो छान उठतो, पण ‘बूट एनएक्सओएस’ने बूटफ्लॅशवरच्या फाइलचं नाव नोंदवून सेव्ह केलं नसेल तर पुढच्या रीलोडला थेट ‘लोडर’ प्रॉम्प्टवर येऊन थांबतो. तिथून फाइलचं नाव देऊन हाताने बूट करता येतं, म्हणून आधी बूटफ्लॅशची यादी पाहून ते नाव टिपून ठेवावं. एक्सआरव्ही ९००० पहिल्या बूटला वापरकर्ता तयार करायला सांगतो आणि त्याआधी बराच वेळ घेतो. त्याला मध्येच ‘अडकला’ म्हणून बंद करू नये.

हे बदल मूळ डिस्कमध्ये न्यायचे असतील तर एका नोडवर करून, नोड नीट बंद करून, ‘क्यूएमू-इमेज कमिट’ने खाली उतरवायचे. पण इथेच दुसरा धोका आहे. व्हीईओएस आपला सिस्टिम मॅक (हार्डवेअर) पत्ता फ्लॅशवर लिहून ठेवतं. बूट करून झालेली डिस्क मूळ म्हणून वापरली की तिच्यावरचे दोन्ही नोड एकच सिस्टिम मॅक सांगतात. साध्या राउटिंगमध्ये ते कळतही नाही. अनेक तारा एकत्र बांधणारं एमएलॅग किंवा एलएसीपी लावलं की जोडी जुळत नाही, आणि कॉन्फिगरेशनमध्ये तर काहीच चुकलेलं दिसत नाही. ‘शो व्हर्जन’ दोन्हीकडे चालवून सिस्टिम मॅक ताडून पाहायचा. लिनक्सवर आधारलेल्या इमेजमध्ये एसएसएचच्या होस्ट की आणि मशीन-आयडी यांचंही असंच होतं: मशीन-आयडी सारखा असेल तर काही डीएचसीपी क्लायंट दोन नोडना एकच पत्ता मिळवून देतात. कमिट करण्याआधी या फाइली पुसायच्या. फिरत आलेल्या इमेजचा त्रास म्हटलं तो हाच.

पोर्ट मोजण्यातली चूक

टोपोलॉजीत ओढलेली पहिली तार राउटरच्या कोणत्या इंटरफेसला लागते, हे इमेजगणिक वेगळं. व्हीआयओएसमध्ये पहिलं कार्ड गिगाबिट ०/०, सीएसआरमध्ये गिगाबिट १. व्हीजुनोसमध्ये पहिलं कार्ड एफएक्सपी०, म्हणजे मॅनेजमेंट, आणि जीई-०/०/० दुसरं. व्हीईओएसमध्ये मॅनेजमेंट१ आधी, इथरनेट१ नंतर. एक्सआरव्ही ९००० मध्ये पहिलं मॅनेजमेंट, पुढची दोन अंतर्गत कामासाठी राखीव, आणि गिगाबिट ०/०/०/० चौथं. हाताने क्यूएमू चालवणारे इथे नेहमी दोनने चुकतात. शंका असेल तर एका बाजूचं पोर्ट चालू करून होस्टवर त्या टॅप इंटरफेसवर (तारेच्या होस्टकडच्या टोकावर) पॅकेट टिपणारा टीसीपीडम्प लावायचा. एआरपी (शेजाऱ्याचा मॅक पत्ता विचारणारं पॅकेट) कुठून बाहेर पडतंय ते पाहिलं की वाद मिटतो. व्हीजुनोसवर याआधी ‘शो चॅसी एफपीसी’ पाहावं (एफपीसी म्हणजे जीई पोर्ट ज्यावर असतात ते कार्ड). तिथे ‘ऑनलाइन’ आल्याशिवाय जीई पोर्ट असतच नाहीत, आणि प्रॉम्प्ट आल्यानंतरही त्याला काही मिनिटं लागतात.

तारेखाली काय चाललंय

लॅबमधली ‘तार’ म्हणजे होस्टवरचा लिनक्स ब्रिज, व्हीथ जोडी (एकमेकांना थेट जोडलेली दोन आभासी कार्डं) किंवा यूडीपी बोगदा. जीएनएस३ यूब्रिजने यूडीपी बोगदा करतं, त्यात फ्रेम जशीच्या तशी जाते. लिनक्स ब्रिज मात्र स्वतःला स्विच समजतो आणि प्रमाणाप्रमाणे ०१-८०-सी२-००-००-०० ते ०एफ या पत्त्यांच्या फ्रेम पुढे पाठवत नाही. शेजारचं उपकरण ओळखणारं एलएलडीपी आणि एलएसीपी यातच येतात. म्हणून साध्या ब्रिजवर दोन नोडमध्ये पोर्ट-चॅनल (एकत्र बांधलेल्या तारा) उठत नाही, शेजारी दिसत नाही, पण पिंग मजेत जातं. एलएलडीपीसाठी ब्रिजच्या ‘ग्रुप फॉरवर्ड मास्क’मध्ये १६३८४ लिहिलं की मार्ग खुला होतो. एलएसीपीचा बिट ब्रिजच्या पातळीवर लिहूच दिला जात नाही. तिथे व्हीथ जोडी किंवा लॅबसाठी खास तयार केलेला कर्नल वापरायचा. आयएस-आयएस या ओएसपीएफसारख्या प्रोटोकॉलचे पत्ते १४ आणि १५ ने संपतात, ते या पट्ट्याच्या बाहेर आहेत, म्हणून तो प्रोटोकॉल सुखरूप सुटतो. एलएलडीपीचंच काम करणाऱ्या सिस्कोच्या सीडीपीचा पत्ता तर वेगळ्याच कुळातला. एलएलडीपी दिसत नाही पण सीडीपी दिसतं, एवढ्यावरून ब्रिज ओळखावा.

त्याच होस्टवर डॉकर टाकलेलं असेल तर आणखी एक विचित्र चित्र दिसतं: एआरपी सुटतं, आयएस-आयएस उठतं, आणि पिंग मात्र जात नाही. डॉकर आयपीटेबल्समधल्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतं, आणि ‘बीआर-नेटफिल्टर’ मॉड्यूल लोड असेल तर ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटंही त्या साखळीतून जातात. एआरपी आणि आयएस-आयएस आयपीवर नसल्याने वाचतात. ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ ० केलं की प्रश्न संपतो.

आता शीर्षकातली गोष्ट. ओएसपीएफ शेजारी ‘फुल’ आहे, लूपबॅकपासून (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसपासून) लूपबॅकपर्यंत पिंग जातं, पण बीजीपी ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘कनेक्ट’ या जोडणीच्या आधीच्या अवस्थांत घोटाळत राहतं, एसएसएचही लागत नाही. संशय फायरवॉलवर जातो. बहुतेकदा ते ट्रान्समिट चेकसम ऑफलोड असतं. लिनक्सवर टीसीपी आणि यूडीपीचा चेकसम अर्धवट ठेवून ‘उरलेलं कार्ड करेल’ असं गृहीत धरलं जातं. खऱ्या मशीनमध्ये कार्ड ते करतंही. लॅबमध्ये खरं कार्ड मध्ये येतच नाही. पलीकडची इमेज ‘हे पॅकेट अर्धवट आहे’ ही खूण समजत नसेल तर तिला दिसतो तो चुकीचा चेकसम, आणि ती पॅकेट टाकून देते. पिंगचा चेकसम सॉफ्टवेअरच काढतं, ओएसपीएफचा स्वतःचा असतो, म्हणून ते दोघे चालतात. कंटेनर किंवा लिनक्सवर आधारलेला नोड एका बाजूला आणि बंदिस्त व्हर्च्युअल राउटर दुसऱ्या बाजूला, अशा लिंकवर हे हमखास दिसतं. ‘एथटूल’ने त्या इंटरफेसवर ‘टीएक्स’ ऑफ करायचं. निदान करताना टीसीपीडम्प घेणाऱ्याच्या बाजूला लावावा. पाठवणाऱ्याच्या बाजूला लावला तर सगळं ठीक असतानाही चेकसम चुकीचा दिसतो, कारण टिपण ऑफलोडच्या आधी घेतलं जातं.

बीजीपीचा दुसरा नमुना याहून फसवा. सेशन उठतं, ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं, रूट मात्र येत नाहीत, आणि होल्ड टाइम संपला की सेशन पडतं. पुन्हा उठतं, पुन्हा पडतं. हा एमटीयूचा, म्हणजे लिंकवर मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचा मामला. कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ असा निरोप, फक्त १९ बाइटचा असतो, ओपनही छोटाच, ते निघून जातात. रूट घेऊन येणारा अपडेट मोठा असतो. राउटरवर ९००० एमटीयू ठेवला आणि खालचा ब्रिज १५०० वर असेल तर मोठी फ्रेम लेयर-२ वर मूकपणे पडते, आयसीएमपीचा निरोपही कुणी पाठवत नाही. टीसीपी तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि त्याच्या मागे रांगेत अडकलेले कीपअलाइव्हही पोचत नाहीत. लिनक्स ब्रिज सहसा आपल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान एमटीयू स्वीकारतो. एक टॅप १५०० वर राहिला तरी पुरे. एमपीएलएसचं (पॅकेटला लेबल लावून पुढे पाठवण्याच्या पद्धतीचं) प्रत्येक लेबल ४ बाइट आणि आयपीव्ही४ वरचं व्हीएक्सलॅन (फ्रेम गुंडाळून नेणारा बोगदा) ५० बाइट वाढवतं, त्यामुळे जंबो, म्हणजे मोठ्या फ्रेम, न वापरणाऱ्या लॅबमध्येही हे उद्भवतं. होस्टवर सगळे टॅप सरसकट ९२०० च्या वर ठेवून द्यावेत.

तपासायला मोठं, न तोडता येणारं पिंग. पण इथे आकड्यांची गल्लत होते. आयओएसमधला ‘साइज १५००’ आयपी हेडर धरून असतो. जुनोसमधला आकार फक्त आतल्या डेटाचा, म्हणून त्याच तपासणीसाठी तिथे १४७२ लिहायचे. इंटरफेस एमटीयूचंही तसंच: आयओएसचा १५०० म्हणजे जुनोसचा किंवा आयओएस-एक्सआरचा १५१४, कारण ते दोघे १४ बाइटचं इथरनेट हेडर मोजतात. हे विसरून दोन्हीकडे एकच आकडा टाकला की ओएसपीएफ ‘एक्सस्टार्ट’मध्ये रुतून बसतं. या बाबतीत आयएस-आयएस प्रामाणिक आहे. त्याचे हॅलो एमटीयूपर्यंत फुगवलेले असतात, त्यामुळे तार अरुंद असेल तर शेजार जुळतच नाही आणि भानगड पहिल्या मिनिटाला कळते. नव्या लॅबमध्ये लिंक तपासायला म्हणून आम्ही आयएस-आयएस आधी लावतो, नंतर हवं तर काढतो.

लिंक पडण्याचं नाटकही नीट वठत नाही. एका राउटरवर पोर्ट ‘शटडाउन’ केलं तरी पलीकडच्या राउटरचं आभासी कार्ड ब्रिजला जोडलेलंच असतं, त्याला कॅरियर गेलेला दिसत नाही. इथरनेटवर ओएसपीएफचा डेड इंटरव्हल ४० सेकंद असतो, तेवढा वेळ पॅकेटं काळ्या विवरात जातात. कन्व्हर्जन्स, म्हणजे बिघाडानंतर राउटरांनी नवा रस्ता धरणं, मोजायचा असेल तर शेजारी जिवंत आहे का ते झटपट तपासणारं बीएफडी लागतंच. पण त्याला ५० मिलिसेकंद गुणिले ३ देऊ नका. होस्टने त्या व्हर्च्युअल मशीनला दीडशे मिलिसेकंद प्रोसेसर दिला नाही, आणि असं सर्रास होतं, तर काही बिघडलेलं नसताना सेशन फडफडतं. १ सेकंद गुणिले ३ ठेवावं. या लॅबमधून कन्व्हर्जन्सचा क्रम शिकावा. मिलिसेकंदांचे आकडे खऱ्या जाळ्याला लावू नयेत.

वेग मोजायच्या भानगडीतही पडू नये. परवाना नसलेला सीएसआर १०००व्ही १०० केबीपीएसवर अडवलेला असतो, सीएचआरचा मोफत परवाना प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएस देतो, व्हीआयओएसही काही एमबीपीएसपलीकडे जात नाही. यातून मोठी फाइल पाठवली की पॅकेट गळतात आणि माणूस क्यूओएस (पॅकेटांचा अग्रक्रम) तपासायला लागतो. क्यूओएसच्या कमांड स्वीकारल्या जातात, काउंटरही हलतात, पण मागे चिप नाही, तिचे बफर नाहीत, टीकॅमची (चिपमधल्या शोधायच्या मेमरीची) मर्यादा नाही. कंट्रोल प्लेन खरंच खरं आहे: तोच कोड, तेच टायमर, तेच बग. डेटा प्लेनवर, म्हणजे पॅकेट पुढे ढकलणाऱ्या भागावर, मात्र ‘पॅकेट पोचलं’ यापलीकडे विश्वास ठेवू नये.

सगळे नोड एकदम सुरू करणं ही आणखी एक सवय मोडावी लागते. अकरा मशीनं एकाच वेळी डिस्क वाचायला लागली की व्हीजुनोसचं आतलं मशीन वेळेत उठत नाही आणि एफपीसी ‘प्रेझेंट’वर अटकतो. जड नोड आधी, त्यांचे पोर्ट आले की बाकीचे, असा स्टार्ट डिले लावावा. ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) वाढलेला असेल तर डिस्क अपुरी पडतेय. होस्ट स्वतःच व्हर्च्युअल असेल तर ‘एसटी’ही (बाहेरच्या हायपरव्हायजरने काढून घेतलेला प्रोसेसरचा वेळ) पाहावं. एकाच इमेजचे बरेच नोड असतील तर केएसएम चालू करून मेमरीतली सारखी पानं एकत्र आणता येतात. सहा व्हीआयओएसना त्याचा चांगला फायदा होतो. पण ती बचत हळूहळू दिसते, आणि त्या भरवशावर मशीनच्या क्षमतेपलीकडे नोड चढवले तर सुरुवातीलाच मेमरी संपून कर्नल एखाद्या क्यूएमूचा बळी घेतो.

कंटेनर

जिथे कंटेनर (स्वतःचा कर्नल नसलेलं हलकं पॅकेज) मिळतो तिथे व्हर्च्युअल मशीन घ्यायचं कारण आता फारसं उरलेलं नाही. कंटेनरलॅबमध्ये एका याम्ल फाइलीत नोड आणि लिंक लिहायच्या, बस. अरिस्टाचं सीईओएस टार फाइलीतून डॉकरमध्ये इंपोर्ट होतं, एसआर लिनक्स थेट ओढता येतं. लिंक व्हीथ जोड्यांच्या असतात, म्हणून एलएसीपी आणि एलएलडीपी अडत नाहीत. व्हीजुनोससारख्या मशीनला व्हीआरनेटलॅब कंटेनरमध्ये गुंडाळतं, पण आतली मेमरीची भूक तशीच राहते.

कंटेनरचा कर्नल मात्र होस्टचा. एफआरआर हे लिनक्सवरचं राउटिंग सॉफ्टवेअर वापरून एलडीपी (एमपीएलएसची लेबल वाटणारा प्रोटोकॉल) लावलं, लेबल वाटली गेली, तरी पॅकेट जात नाही, तेव्हा कारण होस्टवर असतं. ‘एमपीएलएस-राउटर’ आणि ‘एमपीएलएस-आयपीटनेल’ ही मॉड्यूलं होस्टवर लोड करायची. मग नोडच्या आत ‘प्लॅटफॉर्म लेबल्स’ला मोठा आकडा द्यायचा, कारण त्याची मूळ किंमत ० असते, आणि प्रत्येक इंटरफेसवर एमपीएलएस ‘इनपुट’ १ करायचं. शेवटचं विसरलं की लेबल लागलेलं पॅकेट आत येताच पडतं. सिस्कोच्या एक्सआरडीला होस्टवर ‘आयनोटिफाय’च्या इन्स्टन्सची मर्यादा ६४००० पर्यंत वाढवावी लागते. त्याच्यासोबत येणारी होस्ट तपासणीची स्क्रिप्ट आधी चालवली की हे सगळं ती स्वतःच सांगते.

कॉन्फिगरेशन डिस्कवर सेव्ह केलं तरी मजकूर म्हणून बाहेर काढून गिटमध्ये ठेवावं. नोड ‘वाइप’ केला की वरची पातळ डिस्क जाते आणि ‘राइट मेमरी’ने लिहिलेलंही तिच्यासोबत जातं. बंद करतानाही आतून बंद करावं, जुनोसवर ‘रिक्वेस्ट सिस्टिम पॉवर-ऑफ’ देऊन. थेट स्टॉप दाबल्यावर फाइलसिस्टिम अर्धवट राहिली आणि नोड उठेना, तर वरच्या डिस्कवर ‘क्यूएमू-इमेज चेक’ चालवून पाहायचं, तेही नोड पूर्ण बंद असताना. गळालेले क्लस्टर असतील तर दुरुस्तीचा पर्याय ते निस्तरतो. आतली फाइलसिस्टिमच बिघडली असेल तर वाइप करायचं आणि गिटमधलं कॉन्फिगरेशन परत टाकायचं.